सक्तीचा मोकळेपणा

दर गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्या संगणकाच्या पडद्यावर एक निमंत्रण उमटते. 'कॉफी आणि गप्पा. वेळ ३० मिनिटे. कामाचे बोलणे वर्ज्य. कॅमेरा सुरू ठेवावा.' निमंत्रणाखाली स्वीकार, नकार आणि 'कदाचित' असे तीन पर्याय असतात. नकाराचा पर्याय निवडणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मी मानवतला राहतो आणि पुण्यातल्या एका कंपनीचे काम घरातून करतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तीन आठवड्यांचे कपडे घेऊन आलो होतो; तो मुक्काम अजून संपलेला नाही. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण हा प्रकार आता इतका सार्वत्रिक झाला आहे की कुठल्याही एका कंपनीला त्याचे श्रेय किंवा दोष देणे अन्यायाचे ठरेल.

एका गुरुवारची गोष्ट. गप्पांना विषय मिळावा म्हणून यंत्राने प्रश्न पुढे केला: आपल्या गावाविषयी इतरांना ठाऊक नसलेली एक गमतीदार गोष्ट सांगा. माझी पाळी आली. मी 'मानवत' एवढेच म्हटले, आणि पडद्यावरच्या एका चौकटीतून उत्साहाने प्रश्न आला, "म्हणजे ते खुनांचे गाव का?" २०२४ साली आलेली वेबमालिका त्याने पाहिली होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी या गावात जे घडले त्यात लहान मुली आणि स्त्रिया मारल्या गेल्या. गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडून त्याविषयी मी फार थोडे ऐकले आहे. ती माणसे त्याविषयी सहसा बोलतच नाहीत. आणि मला ते आता दोन मिनिटांत, हसऱ्या मुद्रेने, कॉफीचा कप हातात धरून सांगायचे होते. मी कापसाच्या मोंढ्याविषयी काही बोललो; रेल्वेचे स्थानक गावापासून दूर आहे म्हणून त्याचे नाव 'मानवत रोड', हेही सांगितले. सगळे हसले. पाळी पुढे गेली.

विचारणारा माणूस वाईट नव्हता. आम्ही दोघे एका कार्यालयात शेजारी बसत असतो तर सहा महिन्यांनी, कुठल्याशा संध्याकाळी, मी त्याला हे सगळे कदाचित आपणहून सांगितलेही असते. दोष त्या अर्ध्या तासाचा होता. माणसांनी एकमेकांना ओळखणे ही गोष्ट त्याने कार्यसूचीतल्या एका ओळीत बसवली होती.

स्पष्टच बोलायचे तर, घरून काम करणाऱ्या चमूंसाठी जी 'सामाजिक कॉफी' हल्ली आयोजित होते, ती विश्रांती नाही आणि सामाजिकही नाही. ते काम आहे. फक्त त्याला कामाचे नाव दिलेले नाही. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मधली सुटी ही कामगारांनी झगडून मिळवलेली वस्तू होती. ती त्यांच्याकडून अलगद काढून घेऊन, वर रंगीत कागद गुंडाळून, भेट म्हणून परत दिली जात आहे. या देवघेवीत तिचा गाभा मात्र हरवला आहे.

हा गाभा कोणता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. त्यांमागे नारायण मेघाजी लोखंडे होते. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवण्यात आले. मागण्या पाच होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी. रोज दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत वेतन. या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला तो अर्धा तास नीट पाहावा. त्या अर्ध्या तासात कामगारांनी काय करावे, याविषयी निवेदनात एक अक्षरही नाही. त्यांनी खावे, झोपावे, भांडावे, भजन म्हणावे की भिंतीला पाठ लावून गप्प बसावे, हा प्रश्न मालकाचा नव्हताच. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षीच्या जूनपासून गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारची विश्रांती यांना कायद्याचा आधार दिला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली, आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तेच तत्त्व कार्यालयांना लावले.

मधल्या सुटीचा गाभा हाच, की तो वेळ देखरेखीबाहेरचा होता. मुकादमाची नजर जेथे पोचत नाही असा अर्धा तास. चहा नंतर आला.

आणि चहाचेही उगाच सोवळे करण्याचे कारण नाही. तोही आपल्याकडे धंद्याच्या हातांनीच आला. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मळेवाल्यांच्या संघटनेने कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांत चहाच्या टपऱ्या थाटण्यास उत्तेजन दिले. दमलेल्या मजुराला गरम गोड पेला मिळाला की तो पुन्हा उभा राहतो, हे मालकांच्या लक्षात आणून देण्यात आले. 'कॉफी ब्रेक' या शब्दाची हकीकतही फार वेगळी नाही. १९५२ साली पॅन-अमेरिकन कॉफी ब्यूरो या व्यापारी संस्थेने अमेरिकेत जाहिरातींची मोठी मोहीम काढून हा शब्द घरोघरी पोचवला. म्हणजे ज्याला आपण एक जुनी, नैसर्गिक, माणुसकीची रीत समजतो, तिच्या मुळाशी कॉफी खपवण्याची खटपटही होती. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. विकणाऱ्याने पेय विकले; त्या पेल्याभोवती काय बोलायचे, ते मात्र पिणाऱ्यांनी ठरवले.

याच सुमारास डेन्व्हर शहरात एक खटला उभा राहिला. तो आपल्या प्रश्नाशी इतका जवळचा आहे की थोडा तपशिलात सांगणे भाग आहे. तेथे नेकटाय विणणारा एक छोटा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तरुण कारागीर गेले, म्हणून मालकाने वयस्क पुरुष ठेवले. ते जमेना, म्हणून मध्यम वयाच्या स्त्रिया घेतल्या. काम किचकट होते आणि दिवसाच्या शेवटी त्या थकत. त्यांनीच सुचवले की मधे पंधरा पंधरा मिनिटांच्या दोन सुट्या द्या आणि कॉफी, चहा ठेवा. उत्पादन सुधारले. मालक इतका खूष झाला की त्याने सुटी सक्तीची केली. आणि सुटीत काम होत नाही, म्हणून त्या अर्ध्या तासाचे वेतन देणे नाकारले. सरकारच्या कामगार खात्याने त्याला न्यायालयात खेचले. १९५६ साली अपील न्यायालयाने निकाल दिला, तो कामगारांच्या बाजूने. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की या सुटीमुळे कामगार ताजेतवाने होतात हे खरे, परंतु त्यातून मालकाचेही काम अधिक आणि चांगले होते. तेव्हा तो वेळ कामाचाच धरला पाहिजे.

आता गुरुवारच्या कॉफीला हा निकष लावून पाहा. सक्ती आहे का? कागदावर नाही. परंतु वार्षिक मूल्यमापनाच्या नमुन्यात 'संघभावना' नावाचा एक रकाना असतो आणि तो कोण भरतो हे प्रत्येकाला ठाऊक असते. लाभ कोणाचा? कंपनी स्वतःच सांगते की यामुळे चमू 'जोडलेला' राहतो आणि काम सोडून जाणारे कमी होतात. मग तो अर्धा तास दिवसाच्या कामातून वजा होतो का? होत नाही. गुरुवारी जे काम संपवायचे असते ते तेवढेच राहते, आणि चार ते साडेचार हा अर्धा तास रात्री साडेनऊ ते दहा असा परत फेडावा लागतो. डेन्व्हरच्या मालकाने निदान वेतन कापतो असे उघड सांगितले होते. आमच्याकडे ते सांगितले जात नाही. उलट आभाराची अपेक्षा असते.

येथे कुणी आधुनिक व्यवस्थापनशास्त्र पुढे करील, तर त्याचाही विचार करू. २०१२ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख आला होता, तो या क्षेत्रातली मंडळी वारंवार उद्धृत करतात. एका बँकेच्या कॉल सेंटरात कर्मचाऱ्यांच्या सुट्या पाळीपाळीने असत, म्हणजे एकाच चमूतली माणसे कधी एकत्र मोकळी नसत. संशोधकांच्या सल्ल्यावरून एका चमूतल्या सर्वांची कॉफीची सुटी एकाच वेळी ठेवण्यात आली. परिणाम असा, की एक दूरध्वनी हाताळण्यास लागणारा सरासरी वेळ संपूर्ण केंद्रात ८ टक्क्यांनी, आणि कामात मागे असलेल्या चमूंत २० टक्क्यांहून अधिक कमी झाला. या आकड्यांवर गुरुवारच्या कॉफीचे मंदिर उभे आहे. पण प्रयोगात नेमके काय केले गेले ते पाहा. सुटीची वेळ जुळवली. एवढेच. कुणी विषय दिला नाही, कुणी सूत्रसंचालन केले नाही. माणसांना एका वेळी मोकळे सोडले आणि पुढचे त्यांच्यावर सोपवले. आमच्या कंपन्यांनी या प्रयोगातली टक्केवारी उचलली आणि मोकळे सोडणे तेवढे वगळले. त्या जागी आता यंत्र आहे. स्लॅक या संदेशप्रणालीला जोडता येणारा 'डोनट' नावाचा एक यांत्रिक मध्यस्थ दर काही दिवसांनी दोन अनोळखी सहकाऱ्यांच्या जोड्या लावतो आणि त्यांना कॉफीला भेटायला सांगतो. उपवर मुलामुलीचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम याहून मोकळा असतो. तेथे निदान नकार देण्याची रीत तरी आहे.

मला जो चहा ठाऊक आहे, तो मोंढ्यातला. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की मानवतच्या मोंढ्यात आणि जिनिंगांच्या फाटकांबाहेर गाड्यांची रांग लागते. शेतकरी पहाटे निघालेला असतो, नंबर लागायला दुपार होते. आडत्याकडे बसले की चहा येतो. तो प्रेमाचाच असतो असे नाही. भाव निघण्याआधीचा चहा आणि भाव निघाल्यानंतरचा चहा यांच्या चवीत फरक असतो, आणि पहिल्या चहाचे पैसे कुठल्या ना कुठल्या रकान्यातून वसूल होणार हे पिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तो गोड चहा बशीत ओतून, फुंकर घालून तो शांतपणे पितो आणि शेजारच्या गाडीवाल्याला हळूच विचारतो, "तुमचा काय भावानं गेला?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आडत्याच्या चहावर, आडत्याच्याच ओट्यावर, पण आडत्याच्या कानाआड विचारलेला. या एका प्रश्नाने कित्येक क्विंटल कापसाचा भाव फिरला असेल. पलीकडे हमाल एक चहा दोघांत घेतात आणि त्यांचेही बोलणे बहुधा तेच असते: त्या जिनिंगला पोत्यामागे किती देतात?

चहा सामाजिक होतो तो येथे. बरोबरीची माणसे वरच्याच्या कानाआड एकमेकांना आपला भाव सांगतात तेव्हा.

आता गुरुवारच्या बैठकीत कुणी कुणाला विचारील का, की तुला यंदा किती वाढ मिळाली? ती बैठक कंपनीच्या प्रणालीवर आहे. व्यवस्थापक चौकटीत हसत बसलेला आहे. कोण किती वेळ हजर होता याची नोंद राहते, आणि ध्वनिमुद्रण होत नाही असे सांगितले तरी ते होऊ शकते एवढे पुरते. कार्यालयात माणसे जिन्यात, गच्चीवर, फाटकाबाहेरच्या टपरीवर भेटत. तेथे दोन पगारांची तुलना व्हायची, राजीनाम्याची कुजबुज व्हायची, कोणा साहेबाविषयी नव्या मुलीला जुनी बाई सावध करायची. घरून काम करण्यात हे सारे कोपरे नाहीसे झाले. उरलेली प्रत्येक खोली कंपनीची आहे. १८८४ च्या त्या साडेपाच हजार सह्या गुरुवारच्या कॉफीत गोळा झाल्या असत्या का, एवढाच प्रश्न मी वाचकांना विचारतो.

आणि 'सामाजिक' हा शब्द महाराष्ट्रात चहाविषयी वापरताना तर जीभ थोडी जड व्हायला हवी. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत टिळक होते, रानडे होते. पुढे चहा आणि बिस्किटे आली. पाद्र्यांच्या हातचा चहा घेतल्याची बातमी नावांनिशी छापली गेली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचे वाद वर्षानुवर्षे चालले. एका पेल्याला एवढी किंमत पडत होती, कारण कुणासोबत पितो यावर माणूस कोण हे ठरत होते. हे वरच्या जातींचे. खालच्या मानल्या गेलेल्यांसाठी हॉटेलाच्या बाहेर, खुंटीला किंवा वळचणीला, वेगळी कपबशी असे. ज्याची त्याने घ्यायची, पिऊन झाल्यावर ज्याची त्याने विसळून ठेवायची. पाण्याचेही तेच. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीही बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' अशी मोहीम काढावी लागली.

शहरातल्या कार्यालयाने या बाबतीत एक उपकार केला होता, तो विसरता येणार नाही. तेथे गर्दीत आडनाव थोडे विरघळत असे. यंत्रातून पडणारा चहा कोणाचा हात लागला म्हणून बाटत नसे. घरून काम सुरू झाले आणि त्या गर्दीतला माणूस पुन्हा आपापल्या गावी, आपापल्या आळीत, आपापल्या भिंतीसमोर जाऊन बसला. त्यावर 'कॅमेरा सुरू ठेवा' ही आज्ञा. आमच्या चमूतला एक सहकारी मागची भिंत नेहमी धूसर करून बसतो. त्याच्याकडचे जाळे मंद आहे, धूसर केल्याने त्याचे चित्र अडखळते, आवाज तुटतो. तरीही तो ते करतो. एकदा खाजगी फोनवर, सहज विषय निघाला तेव्हा, त्याने कारण सांगितले. "भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. ती मी काढणार नाही. आणि ती दिसल्यावर कुणाचे चेहरे कसे बदलतात, तेही मला बघायचं नाही." वळचणीची कपबशी गेली असे आपण समजतो. या माणसाला मात्र दर गुरुवारी स्वतःच्या घराची भिंत पुसून टाकावी लागते, आणि त्या कार्यक्रमाचे नाव आहे 'एकमेकांना जाणून घेऊ या'. जाणून घेण्याचे प्रश्न तरी कोणते? शनिवार-रविवार कुठे गेलात, कोणत्या शाळेत शिकलात, लहानपणीचा आवडता प्रवास कोणता. उत्तरे देताना ज्याला क्षणभर थांबून जुळवाजुळव करावी लागते, त्याच्यासाठी ही तोंडी परीक्षाच असते.

स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. चार वाजता घरात चहाची वेळ असते. सासऱ्यांचा चहा, शाळेतून आलेल्या मुलाचे दूध, आणि पडद्यावर 'आपला आवडता कप दाखवा' हा खेळ. आमच्या एका सहकारी बाईंनी त्या दिवशी एक छान निळा कप दाखवला, सगळ्यांनी वाहवा केली. कप रिकामा होता. चहा अजून गॅसवर होता आणि तो दुसऱ्यांसाठी होता. ही विश्रांती म्हणायची तर कोणाची?

विरुद्ध बाजूचे म्हणणे मी टाळू इच्छित नाही, कारण त्यात तथ्य आहे. घरून काम करणाऱ्याचा एकटेपणा खरा आहे. मी तो भोगला आहे. दिवसेंदिवस कामाच्या माणसांपैकी कुणाचाही आवाज ऐकलेला नाही असे आठवडे गेले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सुमारे ६१,००० अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील संपर्काचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की सगळे घरी गेल्यावर माणसे आपापल्या गटांत अधिक कोंडली गेली आणि दूरच्या गटांशी असलेले दुवे विरळ झाले. तेव्हा काही तरी हरवले आहे यात शंका नाही. नव्याने नोकरीला लागलेल्या, कार्यालय कधी न पाहिलेल्या मुलामुलींसाठी तर ही कॉफी हाच एकमेव दरवाजा आहे, असेही म्हटले जाते. प्रारंभापासून सर्वांनी दुरूनच काम करावे अशा तत्त्वावर चालणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीने अशा दूरस्थ कॉफीभेटींना आपल्या नियमपुस्तिकेत जागा दिली आहे, आणि तेथे कामाच्या वेळात दोघांनी भेटावे अशी कल्पना आहे. दोघांची, कामाच्या वेळातली, वरिष्ठाविना होणारी भेट हा प्रकार चौदा जणांच्या कवायतीपेक्षा पुष्कळ बरा, हे मी मान्य करतो.

परंतु रोग खरा म्हणून औषध खरे ठरत नाही. एकटेपणाचे कारण गप्पांचा अभाव एवढेच नाही. माणसाला भरवसा वाटेल अशी जागा नाही आणि स्वतःचा म्हणावा असा वेळ नाही, ही त्याची कारणे आहेत. त्यावर आणखी एक बैठक हा उपाय कसा होईल? कामाचे तास वाढत आहेत ते वाढतच आहेत. २०२५ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने खाजगी आस्थापनांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. दिवस दहा तासांचा आणि करमणूक अर्ध्या तासाची, असा हा हिशेब आहे. तेव्हा कॉफीच्या आमंत्रणाने हुरळून जाण्यापूर्वी, आपला अर्धा तास नेमका कुठे गेला, हे विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

मग करावे काय? मागण्या मोठ्या नाहीत. दुपारचा अर्धा तास सर्वांसाठी एकाच वेळी मोकळा असावा. त्या वेळात बैठक नको, संदेश नको, हिरवा दिवा लागला आहे की नाही याची विचारपूस नको, आणि तो कामाच्या तासांत धरलेला असावा. त्यात कुणी कुणाला फोन करील, कुणी झोपेल. ज्यांना कॉफी घ्यायची त्यांनी घ्यावी. कॅमेरा ज्याचा त्याने ठरवावा आणि वरिष्ठांनी तेथे फिरकू नये. भेटी हव्यातच असतील तर वर्षातून दोनदा रेल्वेचे भाडे द्या. मानवत रोडहून गाडीत बसून मी आनंदाने येईन. नव्या माणसाला कुणाशी ओळख करून द्यायची असेल, तर त्याला कुणाच्या तरी हाताखाली खरे काम शिकू द्या. एकत्र काम निस्तरताना जी ओळख होते ती 'आवडता रंग कोणता' याने होत नाही.

तूर्त आम्ही आमच्यापुरती एक सोय केली आहे. गावात घरून काम करणारे आम्ही पाच जण आहोत. दोघे पुण्याच्या कंपन्यांत, एक हैदराबादच्या, दोघे बंगळूरच्या. आठवड्यातून दोनदा, जमेल तेव्हा, बसस्थानकाजवळच्या हॉटेलात भेटतो. सुरुवातीला क्रिकेट आणि भारनियमन याखेरीज विषय नव्हता. मग एकदा बोलता बोलता एकाने सांगितले, की त्याला वाढ नाकारताना 'तुम्ही गावी राहता, तुमचा खर्च कमी' असे कारण दिले गेले. दुसरा म्हणाला, मलाही हेच. तिसराही तेच म्हणाला. तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळे वरिष्ठ, आणि वाक्य एकच. प्रत्येक जण इतके दिवस हे स्वतःचेच वैगुण्य समजून मनात ठेवून होता. त्याच बैठकीत कळले की चौथ्याला इंटरनेटचे बिल कंपनी देते. त्याने फक्त मागितले होते. पुढच्या आठवड्यात बाकीच्यांनी मागितले. दोघांना मिळाले.

या हॉटेलचे गुण गाताना एक उणीव सांगितली पाहिजे. तेथे बाई येऊन बसत नाही. गावातल्या एक बाई पुण्याच्या कंपनीचे हिशेब घरून पाहतात. आमचे बोलणे त्यांना त्यांच्या भावाकडून कळते. म्हणजे आमचाही पेला अजून सर्वांचा झालेला नाही. एखादे वाचनालय, शाळेची रिकामी खोली, जेथे त्याही येऊन बसू शकतील अशी जागा शोधणे हे आमचे पुढचे काम आहे, आणि ते कोणतीही कंपनी आमच्यासाठी करून देणार नाही.

साडेपाच हजार सह्या नव्हेत. पाच माणसे आणि तीन चहा. पण त्या टेबलावर कुणी आम्हाला विषय देत नाही, कुणी आमची हजेरी घेत नाही. गेल्या गुरुवारी चारचे निमंत्रण आले तेव्हा मी नकाराचे बटण दाबले. प्रणालीने कारण विचारले. मी लिहिले: चहाला जात आहे.